रविवारचा डोंगर

मराठी माणसाच्या पंचांगात वार सात असतात, इंग्रजाच्या पंचांगात पाचच. उरलेल्या दोन दिवसांना तो वार म्हणतच नाही, 'वीकएंड' म्हणतो. हा शब्द उच्चारताना त्याच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते आपल्याकडे फक्त 'बोनस' आणि 'हापूस' या दोन शब्दांच्या वाट्याला आलेलं आहे. सोमवारी दोन इंग्रज भेटले की गेला वीकएंड कसा गेला याची चौकशी होते, आणि बुधवारपासून येत्या वीकएंडची. मधला मंगळवार तेवढा कामासाठी मोकळा राहतो. एवढ्या भांडवलावर या लोकांनी अर्ध्या जगावर राज्य कसं केलं, हा प्रश्न मला मँचेस्टरला पोचल्यापासून पंधरा दिवसांत पडला.

मँचेस्टरला मी गेलो तो सत्तरच्या दशकात, कापडाचं शास्त्र शिकायला. आमच्या इचलकरंजीला 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणतात, त्यामुळे खऱ्या मँचेस्टरला उतरताना आपण जणू थोरल्या घरी आलो आहोत, अशी माझी भावना होती. थोरल्या घराला मात्र धाकट्या घराची काही खबर नव्हती. माझ्या घरमालकीणबाईंनी 'इचलकरंजी' हे नाव तीनदा ऐकून घेतलं आणि चौथ्या वेळी 'म्हणजे बॉम्बे' असं म्हणून विषय मिटवला. शिवाय थोरल्या घराची परिस्थितीही खालावली होती. ज्या गिरण्यांच्या धुराने सगळ्या इमारती काळ्या झाल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच गिरण्यांना कुलपं लागली होती. कापड कसं विणावं हे शिकवणारे प्राध्यापक शिल्लक होते. विणणारे मात्र झपाट्याने कमी होत होते.

अशा शहरात शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजले की माणसं कुठे नाहीशी होतात कोण जाणे. घरात उरायचो मी आणि मोरीतला एक गळका नळ. शेवटी वर्गातल्या एका वेल्श मुलाला माझी दया आली. "शनिवारी डोंगरात येतोस का?" त्याने विचारलं. मी "कशासाठी?" असं विचारलं. या प्रश्नाचं उत्तर त्याला देता आलं नाही. ते आजपर्यंत कुठल्याच गिर्यारोहकाला धड देता आलेलं नाही, हे मला पुढे कळलं.

मी हा बेत तात्यांना पत्राने कळवला. तात्या इचलकरंजीत एका सायझिंगमध्ये हिशेबनीस होते आणि त्यांच्या पत्रातही जमाखर्च असे. चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद झाल्यावर त्यांनी लिहिलं होतं, "डोंगर चढण्यासाठी विलायतेला जाण्याची आवश्यकता नव्हती. पन्हाळा एस.टी.च्या टप्प्यात होता. बूट विकत घेऊ नयेत. कुणाचे तरी मागावेत." बूट मी मागूनच घेतले. ते एक नंबर मोठे होते, ती उणीव मी मोज्यांच्या दोन जोडांनी भरून काढली. बुटांचा प्रश्न सुटला. तात्यांचा डोंगराचा प्रश्न मात्र मनात राहिला, आणि त्या शनिवार-रविवारी त्याला जी उत्तरं मिळत गेली, ती माझ्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हती.

मुळात हा 'वीकएंड' काही इंग्रजांना देवाने दिलेला नाही. यंत्रयुग सुरू झालं तेव्हा तिकडच्या कामगाराला फक्त रविवार होता, आणि तो देवाच्या नावावर लिहिलेला होता. चर्चला जायचं आणि गप्प बसायचं. मग कामगारांनी आपल्या सोयीचा एक संत निर्माण केला. शनिवारी पगार हातात पडायचा, रविवारी तो घशाखाली उतरायचा आणि सोमवारी उठवत नसे. तेव्हा सोमवारी कामावर न जाण्याला त्यांनी 'सेंट मंडे' असं नाव दिलं. संत सोमवार! आपल्याकडे सोमवारी उपास सोडायची पद्धत आहे, तिकडे नोकरी सोडायची होती. मालक मंडळी या संताला फार वैतागलेली होती. पुढे १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतल्या बायका आणि पोरगेल्या कामगारांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवायचं ठरलं. बायका आणि मुलं निघून गेल्यावर पुरुषांनी एकट्याने गिरणी चालवणं शक्य नव्हतं, त्यामुळे तेही सुटले. शनिवारची दुपार मोकळी झाली आणि संत सोमवार हळूहळू अंतर्धान पावले.

१८७९ साली 'नोट्स अँड क्वेरीज' नावाच्या नियतकालिकात एका गृहस्थाने कळवलं की, स्टॅफर्डशायरमध्ये शनिवारी दुपारी काम संपवून परगावच्या स्नेह्यांकडे रविवारपर्यंत राहायला गेलेल्या माणसाला 'वीकएंड'ला गेला असं म्हणतात. म्हणजे तोवर हा शब्द तिकडच्या शिकलेल्या लोकांनाही समजावून सांगावा लागत होता. आणि स्टॅफर्डशायरचा उत्तरेकडचा कोपरा त्याच डोंगराळ भागात येतो, जिथे मी मागितलेले बूट घालून निघालो होतो. पीक डिस्ट्रिक्ट! एका बाजूला मँचेस्टर, दुसऱ्या बाजूला शेफील्ड. एकीकडे कापड, दुसरीकडे पोलाद आणि मध्ये डोंगर. नावात 'पीक' म्हणजे शिखर असलं, तरी प्रत्यक्षात शिखर म्हणावं असं तिथे फारसं काही नाही. सगळ्यात उंच किंडर स्काउट, तो ६३६ मीटर. सिंहगड भरतो तेराशे मीटरच्या आसपास. पण सिंहगडावर जाताना माणूस पिठलं-भाकरीचा विचार करतो. इंग्रज किंडरवर जाताना नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि मृत्युपत्राखेरीज बाकी सगळी तयारी करतो.

मँचेस्टरहून शेफील्डला जाणारी गाडी एका लांबलचक बोगद्यात शिरते. बाहेर पडते तेव्हा गिरण्या, धुराडी, विटांच्या चाळी सगळं पुसलेलं असतं आणि समोर हिरवी दरी असते. कर्जतहून निघून खंडाळ्याच्या घाटात शिरल्यावर मुंबईच्या माणसाला जे वाटतं, तेच मला वाटलं. फक्त इथे बटाटावडा नव्हता.

शनिवारी आम्ही हॅदरसेज नावाच्या गावी उतरलो. गावच्या चर्चच्या आवारात एक भलीमोठी कबर आहे. ती रॉबिन हूडच्या लिटल जॉनची, असं सांगतात. वरच्या कड्यात एक गुहा आहे, ती खुद्द रॉबिन हूडची. आपल्याकडे कुठलीही गुहा दिसली की ती पांडवांनी एका रात्रीत कोरलेली असते, तसं त्या मुलखात जे काही धनी नसलेलं सापडेल ते रॉबिन हूडच्या खात्यावर जमा होतं. अज्ञातवासातल्या माणसांची स्थावर मालमत्ता एवढी कशी, हा प्रश्न दोन्हीकडे कुणी विचारत नाही.

हॅदरसेजच्या वर स्टॅनेज नावाचा कडा आहे. साडेपाच-सहा किलोमीटर लांब आणि बहुतेक ठिकाणी पाच-सहा पुरुष उंच, जणू कुणी तटबंदी घालून किल्ला बांधायचा विसरलं आहे. दगड खरखरीत, वाळूचा. पायथ्याशी गवतात जात्याच्या तळ्या पडलेल्या. एकदोन नव्हे, ढिगांनी. पूर्वी या दगडाच्या तळ्या घडवून विकण्याचा इथे धंदा होता. पुढे लोकांना पांढरा पाव हवासा झाला, या दगडावरचं पीठ काळपट पडायचं, गिऱ्हाईक परदेशी दगडाकडे वळलं आणि घडवलेल्या तळ्या जागच्या जागी पडून राहिल्या. आज तीच तळी या राष्ट्रीय उद्यानाची निशाणी आहे. बंद पडलेल्या धंद्याचं बोधचिन्ह करावं ते इंग्रजांनीच.

या कड्यावर मला दोराला बांधण्यात आलं. बांधताना वेल्श मित्राने धीर दिला, "घाबरू नकोस, ही वाट फक्त 'डिफिकल्ट' आहे." मी म्हटलं, "मग सोपी कुठली ते दाखव." तेव्हा कळलं, की इंग्रज कडे चढण्याच्या वाटांना श्रेणी देतात, त्यांत 'ईझी' आणि 'मॉडरेट' यांच्यानंतर लगेच 'डिफिकल्ट' येते, आणि त्यापुढे 'व्हेरी डिफिकल्ट', 'सिव्हिअर', 'व्हेरी सिव्हिअर' अशी चढती भाजणी आहे. म्हणजे ज्याला ते अवघड म्हणतात ती बालवाडी! जो माणूस मुसळधार पावसाला 'जरा ओलसर हवा' म्हणतो, त्याने डोंगराच्या बाबतीत मात्र पहिल्या इयत्तेपासूनच 'अवघड' म्हणायला सुरुवात करावी, हे कोडं मला त्या दोराला लोंबकळत असताना काही सुटलं नाही. पण चढलो. वर पोचल्यावर गुडघ्यांना स्वतंत्र कंप होता. वारा सुटला होता, खाली दरीत मेंढ्या तांदळाएवढ्या दिसत होत्या, आणि इतका आनंद मला बी. टेक.च्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

वर डबे सोडून बसल्यावर या कड्याचे देव कोण ते कळलं. गिर्यारोहण हा विलायतेत मुळात साहेबलोकांचा खेळ. १८५७ साली लंडनला 'अल्पाइन क्लब' निघाला तो वकील, पाद्री, प्राध्यापक अशांचा. सुट्टी त्यांनाच होती, आणि आल्प्समध्ये वाटाड्या ठेवायला पैसेही त्यांच्याचकडे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. मँचेस्टरच्या गरीब वस्तीतला जो ब्राउन नावाचा मुलगा आईच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर चढाई शिकला, असं सांगतात. त्याचा जोडीदार डॉन व्हिलन्स नळजोडारी. शनिवारी दुपारी काम सुटलं की ही पोरं इथे यायची आणि साहेबांनी अशक्य म्हणून सोडून दिलेल्या भिंती चढून सोमवारी पुन्हा नळ जोडायला जायची. १९५५ साली कांचनगंगेवर पहिल्यांदा माणूस पोचला, त्या जोडीतला एक हा जो ब्राउन. सिक्कीमच्या लोकांना ते शिखर पवित्र, म्हणून दोघे माथ्याच्या काही पावलं खाली थांबले आणि परतले. आईच्या दोरीवर वाढलेल्या मुलाला देवाचा मान कसा राखायचा हे सांगावं लागलं नाही. हे ऐकताना मला आमच्या घरचा गळका नळ आठवला, आणि तो दुरुस्त करणारा इतके दिवस शनिवारी का मिळत नव्हता, याचाही उलगडा झाला.

रात्रीचा मुक्काम ईडेल गावच्या यूथ होस्टेलात. ही कल्पना जर्मनीतल्या रिचर्ड शिरमन नावाच्या शाळामास्तरची. १९०९ साली मुलांना घेऊन पायी निघाला असताना वादळ झालं, रात्र एका शाळेत काढावी लागली, आणि सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात तर त्यांत मुलांनी का राहू नये, असं त्याच्या मनात आलं. इंग्लंडात ही चळवळ १९३० साली पोचली. स्वस्त राहायचं, आणि त्या बदल्यात सकाळी थोडं काम करायचं, असा त्या वेळी दंडक होता. माझ्याकडे जिना झाडण्याचं काम आलं. घरी कधी केरसुणीला हात न लावलेला मी, विलायतेत जिना झाडतो आहे, हे आईने पाहिलं असतं तर परदेशी शिक्षणाबद्दलचं तिचं मत कायमचं चांगलं झालं असतं.

रविवारी किंडर. ईडेलहून 'जेकब्ज लॅडर' नावाच्या चढणीने वर गेलं की सपाट माथा लागतो, आणि त्या माथ्यावर जमीन नावाची गोष्ट नसते. असतो काळा लोण्यासारखा चिखल. हजारो वर्षं शेवाळ कुजून त्याचा थर साचलेला. त्याला 'पीट' म्हणतात. त्यात पाय गेला की पाय परत मिळतो, बुटाची खात्री नसते. एक नंबर मोठ्या बुटाची तर नाहीच. पुढे पठाराच्या कडेवरून एक धबधबा पडतो. पडतो म्हणजे, पडायला निघतो. पश्चिमेचा वारा जोरात असला की पाणी उलटं वर उडतं. बरोबरची मंडळी हा चमत्कार मला मोठ्या अभिमानाने दाखवत होती. आमच्याकडे नाणेघाटात पावसाळ्यात हेच होतं, हे मी पाहुण्याचा धर्म म्हणून सांगितलं नाही.

तिथून आम्ही विल्यम क्लफ नावाच्या घळीतून हेफील्डकडे उतरायला लागलो, आणि माझ्या बरोबरच्या मुलांचे आवाज आपोआप खाली आले. आपण पावनखिंडीत शिरलो की येतात तसे. मी कारण विचारलं, आणि मग ती हकीकत निघाली.

हा सगळा डोंगर पूर्वी आसपासच्या गावांच्या गायरानासारखा होता. एकोणिसाव्या शतकात कुंपणाचे कायदे झाले आणि तो जमीनदारांत वाटला गेला. किंडरचा मोठा भाग डेव्हनशायरच्या ड्यूकसाहेबांकडे होता. ड्यूकसाहेबांना डोंगराचा उपयोग काय? तर ग्राउज नावाचा तित्तिरासारखा एक पक्षी आहे. १२ ऑगस्टला त्याच्या शिकारीचा मोसम उघडतो. त्या मोसमातले थोडे दिवस साहेब आणि त्यांचे पाहुणे बंदुका घेऊन येणार, म्हणून वर्षाचे ३६५ दिवस डोंगरावर कुणी पाय ठेवायचा नाही. पक्ष्यांची झोपमोड होते! गोळी घालण्यापूर्वी पक्ष्याची इतकी काळजी घेणारा समाज जगाच्या पाठीवर दुसरा नसेल. राखायला काठ्या घेतलेले रखवालदार, आणि जागोजाग पाट्या, की हद्दीत शिराल तर खटला भरू. गंमत म्हणजे नुसतं दुसऱ्याच्या जमिनीवर चालणं हा तिकडच्या कायद्याने फौजदारी गुन्हाच नव्हता. त्यामुळे चालणारी मंडळी त्या पाट्यांना 'लाकडी थापाडे' म्हणत.

१९३२ साल. जगभर मंदी. लँकेशायरच्या गिरण्या बंद, त्यात आपल्याकडच्या बहिष्काराचाही थोडा हात होता. आदल्याच वर्षी, सप्टेंबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरमध्ये डार्वेनला जाऊन गिरणी कामगारांना भेटले होते. बेकार माणसाला सगळे सातही वार वीकएंडच. खिशात पैसा नाही, शहरात धूर, आणि गाडीने थोड्याच अंतरावर मोकळा डोंगर, पण त्यावर जायचं नाही. त्या एप्रिलच्या २४ तारखेला, रविवारी, मँचेस्टरचा बेनी रॉथमन नावाचा वीस वर्षांचा एक ठेंगणा तरुण उठला आणि त्याने जाहीर केलं, की आपण सगळे मिळून जाऊ या. दहाजणांना रखवालदार हाकलतील, शेकडोंना कसे हाकलतील?

बेत वर्तमानपत्रांत आधीच छापून आला होता, त्यामुळे पोलीस स्टेशनावर रॉथमनची वाट पाहत उभे होते. तो सायकलने गेला. क्रांतीच्या मार्गावर पंक्चर झालं नाही हे इतिहासाचं भाग्य. हेफील्डला सभेच्या जागी बंदीचे नियम डकवलेले, म्हणून मंडळी जवळच्या दगडाच्या खाणीत जमली. ठरलेला वक्ता आयत्या वेळी कच खाऊन गेला, तेव्हा रॉथमन स्वतःच एका दगडावर चढून बोलला. मग सुमारे चारशे पोरं-पोरी गाणी म्हणत, चड्ड्या घालून, या घळीतून वर निघाली. रखवालदार आडवे आले, झटापट झाली, एका रखवालदाराच्या पायाला दुखापत झाली. पोरं वर पोचली, शेफील्डकडून आलेल्या तुकडीला भेटली, जयजयकार झाला. खरं सांगायचं तर किंडरच्या ऐन माथ्याला त्यांचे पाय लागलेच नाहीत, चिखलच इतका. पण सत्याग्रहात माथा महत्त्वाचा नसतो, पाऊल महत्त्वाचं असतं.

खाली पोलीस तयारच होते. सहाजणांना पकडलं. चालणं हा गुन्हा नाही म्हणताना दंग्याचे आणि मारहाणीचे आरोप ठेवले. डर्बीच्या कोर्टात ज्यूरी बसली, तीत निवृत्त सेनाधिकारी आणि जमीनदार यांचाच भरणा. पाचजणांना दोन ते सहा महिन्यांची शिक्षा झाली, रॉथमनला चार. गंमत पाहा, तोपर्यंत चालणाऱ्यांच्या जुन्या प्रतिष्ठित संघटना या आडदांड पोरांवर नाराज होत्या. अर्जविनंत्यांचं काम इतकं व्यवस्थित चाललेलं असताना मध्येच हे काय! आपल्याकडच्या मवाळ-जहालांच्या वादाची आठवण यावी असाच प्रकार. पण डोंगरावर चालल्याबद्दल पोरांना तुरुंग, हे ऐकून सामान्य माणूस चिडला, आणि त्या उन्हाळ्यात हजारोंच्या सभा झाल्या. सॅलफर्डच्या युअन मॅकॉल नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने त्यावर गाणं रचलं. तो पुढे मोठा लोकगायक झाला.

त्या भागात १९३२ च्या मोर्च्यात आपण स्वतः होतो असं सांगणारे म्हातारे इतके भेटायचे, की चारशेचा आकडा निदान चार हजार असावा. यात हसण्यासारखं काही नाही. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत असलेल्या मंडळींची आपल्याकडे जी संख्या भरते, ती पाहता त्या वेळी जमिनीवर फक्त इंग्रज उरले असावेत.

पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. १९५१ मध्ये ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं ते हेच, पीक डिस्ट्रिक्ट. १९६५ साली ईडेलपासून स्कॉटलंडच्या हद्दीपलीकडे जाणारी चारशे तीसएक किलोमीटरची पायवाट, 'पेनाइन वे', खुली झाली. १९८२ साली किंडर नॅशनल ट्रस्टने विकत घेतला. २००० सालच्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधल्या अशा मोकळ्या डोंगरांवर सर्वांना चालण्याचा हक्क मिळाला. आणि २००२ साली, सत्तराव्या वाढदिवसाला, त्याच खाणीत अकराव्या ड्यूकसाहेबांनी उभं राहून आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. रॉथमन तेव्हा नव्हता. त्याच वर्षाच्या जानेवारीत तो वारला होता. ड्यूकच्या घराण्याला माफी मागायला सत्तर वर्षं लागली खरी, पण मागितली. मोठ्या घरात निरोप जिन्यावरून खाली यायला वेळ लागतोच.

मी तात्यांना सहा पानी पत्र लिहिलं. पन्हाळ्यावर जायला कुणाची परवानगी लागत नाही, ही केवढी मोठी गोष्ट आहे, असा त्याचा मथितार्थ होता. तात्यांचं उत्तर आलं. आशीर्वादानंतर लिहिलं होतं, "पन्हाळ्यावर जाण्यास परवानगी लागत नव्हती हे खरे. परंतु तुझ्या पणजोबांस सुट्टी नव्हती."

हे वाक्य मी पुष्कळ दिवस बाळगलं. माझे पणजोबा परळला गिरणीत साच्यावर होते. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली, मँचेस्टरच्या परिसरातून यंत्रं आली, इंजिनियर आले, भोंगा आला. जे आलं नाही ते म्हणजे शनिवारची दुपार. ती बोटीत चढवायला कुणाला आठवलं नाही. सकाळी उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम, सणवार सोडले तर ठरलेली साप्ताहिक सुट्टी नाही. ज्यांनी आपल्या घरी वीकएंड हा शब्द काढला, त्यांच्याच नमुन्यावर चाललेल्या गिरण्यांत रविवार हा नुसता खंडोबाचा वार होता, माणसाचा नव्हता.

तो माणसाचा केला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, एका गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली, साडेपाच हजारांच्या आसपास सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. आज वाचताना वाटतं, या मागण्या आहेत की गाऱ्हाणी! त्यासाठी सहा वर्षं झगडावं लागलं. १८९० साली मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे १८९७ च्या प्लेगात लोकांची शुश्रूषा करता करता गेले. २००५ साली भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. त्या तिकिटाची पत्रं टपालखात्याने रविवारी वाटली नसतील, हा त्यातला योग्य तो मान.

आणि डोंगराचं म्हणाल, तर तात्यांशी माझं एवढंच भांडण राहिलं, की तो तरी सगळ्यांना कुठे मोकळा होता? आमच्यासारख्या शिदोरी बांधून गड पाहायला जाणाऱ्यांना होता. पण १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रान म्हणून रेषा मारल्या, तेव्हा ज्यांचं पोटच त्या रानावर होतं त्यांना लाकूडफाटा आणि चराई गुन्हा ठरली. किंडरच्या दीड वर्ष आधी, २५ सप्टेंबर १९३० रोजी, रायगड जिल्ह्यातल्या चिरनेरला लोक रानात शिरले, तेव्हा तिथे नुसती झटापट होऊन भागलं नाही. गोळीबार झाला आणि माणसं मेली. अजून त्या दिवशी तिथे हुतात्म्यांना लोक वंदन करतात. किंडरची माफी मागायला ड्यूक तरी आला. चिरनेरला कोण येणार?

तेव्हा हिशेब असा, तात्यांच्या पद्धतीने मांडायचा तर. मँचेस्टरच्या कामगाराला सुट्टी होती, डोंगर नव्हता. परळच्या कामगाराला डोंगर होता, सुट्टी नव्हती. चिरनेरच्या माणसाला सुट्टी कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं आणि डोंगर त्याचाच होता, तो काढून घेतला. एकाला दुसरी गोष्ट एका सायकलवरच्या पोराने मिळवून दिली, दुसऱ्याला एका स्टोअरकीपरने, आणि तिसऱ्याचं खातं अजून पुरतं मिटलेलं नाही.

हल्ली पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडावर जावं तर पाऊल ठेवायला जागा नसते. दाराशी मोटारींची रांग, बुरुजावर फोटोंची रांग आणि कणसाच्या गाडीपाशी तिसरी. आमच्या पिढीची माणसं यावर नाक मुरडतात, पूर्वी गडावर कशी शांतता होती म्हणून उसासे टाकतात. मला मात्र ती गर्दी पाहून बरं वाटतं. गडावर शांतता होती, कारण माणसं गिरणीत होती. आता ती चिखलात घसरतायत, एक नंबर मोठ्या बुटांनी चढतायत, कणसं खातायत, आणि रविवार आपल्याला कुणी दिला याचा त्यांना पत्ताही नाही. नसू दे. हक्काची खूण हीच, की तो वापरताना कुणाचे आभार मानावे लागत नाहीत. फक्त कणसाची बुरकुंडं तेवढी खाली आणावीत. गडाला सोमवारी साफसफाईची सुट्टी नसते.